वडिलांचा रकाना रिकामा राहू द्या : जन्म-मृत्यू नोंदणीच्या मुख्य निबंधकांना खुले पत्र

प्रति,
मुख्य निबंधक, जन्म आणि मृत्यू,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

विवाहित बाई जन्मनोंदणीच्या खिडकीवर येते आणि सांगते, "हे मूल माझ्या नवऱ्याचं नाही." अशा वेळी काय करायचं हे खिडकीमागच्या कर्मचाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग तो आपल्या अकलेने वागतो आणि बहुतेक वेळा एकच सांगतो : नवऱ्याचं नाव लिहा, नाहीतर घटस्फोटाचा कागद आणा. या सवयीपायी काही मुलांचं नागरिकत्वच धोक्यात येतं. ती सवय मोडायला आपलं एक परिपत्रक पुरेसं आहे. ते मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी ठाण्यात कोर्टनाक्याजवळ वकिली करते. कौटुंबिक दावे जास्त. कळवा, वागळे इस्टेट, दिघा, ऐरोली, कोपरखैरणे इथून बायका येतात. नवऱ्याने टाकलेल्या असतात, नाहीतर नवऱ्याला सोडून आलेल्या. कागदावर लग्न तसंच असतं आणि आयुष्य कधीच पुढे गेलेलं असतं. घटस्फोटाचा दावा लावायला पैसे लागतात, समन्स बजावायला नवऱ्याचा पत्ता लागतो. पत्ता मिळाला तरी तो तारखेला येईलच असं नाही. मूल मात्र कोर्टाच्या तारखा बघून जन्माला येत नाही.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम ४ ने राज्यभरातल्या नोंदणीचं काम एकसारखं चालावं म्हणून सूचना काढण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे. म्हणून हे पत्र एखाद्या वॉर्ड ऑफिसला न लिहिता आपल्याला लिहिलं.

एक प्रकरण सांगते. कुणाचं नाव घेत नाही आणि कुठल्या कार्यालयात घडलं तेही सांगत नाही, कारण तो कर्मचारी वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी बहुधा हेच झालं असतं.

बाई नेपाळची. लग्न होऊन नवऱ्याबरोबर नवी मुंबईत आली, तो एका सोसायटीत वॉचमन होता. पुढे मारहाण, दारू, आणि एक दिवस तो गावी निघून गेला, परत आलाच नाही. ती इथेच राहिली, चार घरची कामं धरली. काही वर्षांनी वाशीच्या बाजारात माथाडीचं काम करणाऱ्या, साताऱ्याकडच्या एका माणसाबरोबर ती राहू लागली. कोपरखैरणेत एक खोली, दोघांचा संसार, आणि मग मुलगी झाली. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या प्लास्टिकच्या फायलीत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड होतं, त्या माणसाचं आधार कार्ड होतं आणि तिचा स्वतःचा नेपाळी नागरिकतेचा दाखला होता. तो दाखला देवनागरीत असतो. त्यावर नवऱ्याचं नाव असतं आणि ते आपल्याकडच्या कुणालाही वाचता येतं. खिडकीवर नेमकं तेच झालं. दवाखान्यात तिने बाळाच्या बापाचं, म्हणजे त्या माथाडी कामगाराचं नाव सांगितलं होतं. पुढे कागद तपासताना कर्मचाऱ्याच्या नजरेला दाखल्यावरचं दुसरंच नाव पडलं.

"बाई, नवरा एक आणि बाप दुसरा, असं मी कसं लिहू? उद्या माझ्यावर येईल."

त्याने तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. घटस्फोटाचा कागद आणा, नाहीतर नवऱ्याचंच नाव लिहून द्या. घटस्फोट झालेलाच नव्हता. अर्ज परत गेला तर नोंद राहून जाईल, नोंद राहून गेली तर लसीकरणाला अडेल, शाळेला अडेल, या भीतीने तिने सांगितलं, "लिहा मग त्याचंच." शेजारी उभा असलेला बाळाचा बाप एक शब्दही बोलला नाही. दाखला छापून आला. त्यावर वडील म्हणून ज्याचं नाव आहे, त्या माणसाला ही मुलगी जन्मल्याचंसुद्धा माहीत नाही.

आता कायदा बघा. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११२ आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ झालं आहे. १ जुलै २०२४ पासून क्रमांक बदलला, आशय तोच राहिला. वैध लग्न चालू असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचं औरस मूल मानलं जातं. लग्न मोडल्यावर आईने दुसरं लग्न केलं नसेल, तर त्यानंतर २८० दिवसांत जन्मलेलं मूलही तसंच मानलं जातं. हे कायद्याचं गृहीतक, आणि ते निर्णायक पुरावा मानलं जातं. तो खोडायची एकच वाट आहे : गर्भ राहिला असेल त्या काळात नवरा-बायकोला एकमेकांच्या सहवासाची संधीच नव्हती हे सिद्ध करणं. संबंध आला नाही एवढं म्हणून भागत नाही, संधीच नव्हती हे दाखवावं लागतं.

हे कलम जुनं झालं, फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. रागाच्या भरात "हे पोर माझं नाही" म्हणणाऱ्या नवऱ्यांपासून या कलमाने असंख्य मुलांना वाचवलं आहे. २० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका दांपत्याच्या प्रकरणात सांगितलं की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी उठसूट मागता येणार नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या प्रकरणात याच न्यायालयाने वेगळा कौल दिला होता. तिथे चाचणीचा अहवाल समोर आलेला होता, आणि अहवाल व गृहीतक समोरासमोर आले तेव्हा विज्ञानाने दाखवलेलं सत्य वरचढ ठरलं. पुढे २८ जानेवारी २०२५ ला केरळच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा गृहीतकाच्या बाजूने भूमिका घेतली : लग्नातून येणारं औरसपणच कायद्यात पितृत्व ठरवतं, आणि सहवासाची संधी नव्हती हे आधी सिद्ध झाल्याशिवाय तिसऱ्या माणसाची चाचणी करायला लावता येत नाही.

एवढं सगळं सांगण्याचं कारण एकच. हा प्रश्न इतका नाजूक आहे की सर्वोच्च न्यायालयालाही तो प्रकरण बघून, दोन्ही पारड्यांत काय आहे ते तोलून सोडवावा लागतो. तोच प्रश्न आपण दुपारच्या गर्दीत, मागे पंधरा माणसांची रांग असताना, एका लिपिकाकडून सोडवून घेतो आहोत.

मग नागरिकत्वाचा संबंध कुठे येतो?

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ३ तीन काळांत तीन वेगळे नियम सांगतं. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस, थोडे अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक, आई-वडील कुठलेही असोत. १ जुलै १९८७ पासून दोघांपैकी एक तरी भारतीय असावा लागला. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी आवळला : दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. या दिवसापासून जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत केवळ जन्माचं ठिकाण सांगून काही होत नाही. आई कोण आणि बाप कोण, त्या दिवशी दोघांचा कायदेशीर दर्जा काय, हे बघितल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आणि बाप कोण मानायचा हे मात्र नागरिकत्वाचा कायदा सांगत नाही. त्याच्या व्याख्यांत ते नाही. तिथे पोकळी आहे, आणि ती भरायला साक्षीच्या कायद्यातलं दीडशे वर्षांचं गृहीतक धावून येतं. ते आणलं गेलं होतं मुलाला वारसा, पोटगी आणि अब्रू मिळावी म्हणून. मुलाचा देश ठरवायला त्याचा उपयोग होईल, हे १८७२ साली ते लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

कोपरखैरणेच्या त्या मुलीचं गणित मांडून दाखवते. खरा बाप भारतीय. आई नेपाळी, पण बेकायदा नाही, कारण १९५० च्या करारापासून नेपाळी माणसाला इथे यायला-राहायला व्हिसा लागत नाही. म्हणजे एक पालक भारतीय, दुसरा बेकायदा नाही, आणि मुलगी जन्मानेच भारताची नागरिक. पण दाखल्यावरचं नाव खरं धरलं तर आई नेपाळी, बाप नेपाळी, आणि मुलगी नवी मुंबईत जन्मलेली परदेशी. त्याच पाळण्यात तेच बाळ, फक्त एका ओळीत दुसऱ्याचं नाव. तिकडे नेपाळमध्येही सोपं नाही. २०१५ च्या तिथल्या संविधानात आईकडून मिळणाऱ्या नागरिकत्वाला बापाच्या ओळखीच्या अटी लावलेल्या आहेत. अशी मुलं दोन्ही देशांच्या मध्ये लटकतात.

इथे एक गोष्ट वकील म्हणून सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या परिपत्रकाचा सगळा आधार तिच्यावर आहे. रकाना रिकामा असता तरी कायद्याचं गृहीतक त्या नवऱ्याच्या बाजूने होतंच. पण ते खोडण्यासारखं होतं. नवरा त्या काळात नेपाळात होता, बाई इथे होती, शेजारीपाजारी साक्ष द्यायला आहेत. सहवासाची संधी नव्हती हे दाखवणं या प्रकरणात अवघड नव्हतं. आता मात्र कोर्टात समोरचा पहिलाच प्रश्न विचारणार : "बाई, बापाचं नाव तुम्हीच लिहून दिलंत ना?" खिडकीवर भीतीपोटी दिलेली एक सही तिच्याच विरुद्ध पुरावा झाली आहे. रिकामा रकाना कोर्टाच्या हुकमाने भरता येतो. चुकीचं नाव आधी खोडावं लागतं, मगच खरं लिहिता येतं, आणि ते खोडण्यात मुलीचं निम्मं बालपण निघून जातं.

दुसरी बाजू आणखी कठीण आहे. आई भारतीय, पण पूर्वीच्या नवऱ्याकडे वैध कागद नव्हते किंवा व्हिसाची मुदत संपून तो राहिला होता. ती त्याला सोडून आली, रीतसर घटस्फोट झाला नाही, नंतर एका भारतीय माणसापासून मूल झालं. नवऱ्याचं नाव लिहिलं की कलम ३ ची ती दुसरी अट मोडते, आणि भारतीय आईच्या पोटी, भारतीय बापापासून, भारतात जन्मलेलं मूल परकं होऊन बसतं. हे पुस्तकी उदाहरण समजू नका. मुंब्र्यापासून तुर्भ्यापर्यंत अशा बायका आहेत आणि त्या कुणाकडे तोंड उघडत नाहीत.

हे ऐकून कुणी म्हणेल, वडिलांचा रकाना रिकामा ठेवायची मोकळीक दिली तर घुसखोर त्याचा फायदा घेतील. ही शंका मी झटकून टाकत नाही. उशिरा झालेल्या जन्मनोंदींची २०२५ च्या सुरुवातीपासून राज्यात कडक तपासणी सुरू झाली ती याच काळजीतून. पण रिकामा रकाना कुणालाच नागरिक करत नाही. जन्मदाखला हा जन्म झाल्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा शिक्का नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्याच एका प्रकरणात जामीन नाकारताना स्पष्ट केलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी नागरिक ठरत नाही, ते ठरतं १९५५ च्या कायद्यावरून. शिवाय आपण परदेशी नाही हे दाखवण्याचं ओझं कायद्याने त्या माणसावरच टाकलेलं आहे. रकाना रिकामा असेल तर बाप भारतीय होता हे मुलाला कधीतरी सिद्ध करावंच लागेल. कुणाला आयतं काही मिळत नाही. फक्त खोटी ओळ लिहिली जात नाही. आणि खऱ्या घुसखोराला रिकाम्या रकान्याची गरजच काय? तो एखाद्या भारतीय माणसाचं नाव बेधडक सांगतो. खिडकीवर अडते ती खरं बोलणारी बाई.

आता १९६९ च्या कायद्याचं कलम २३ वाचा. नोंदवहीत घालण्यासाठी, खोटी आहे हे ठाऊक असताना माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि अशी माहिती द्यायला लावणं हाही गुन्हा आहे. आई सांगते की हा बाप नव्हे. आपला कर्मचारी म्हणतो, तरी त्याचंच नाव लिहा. त्या दोघांना आपण कुठे नेऊन उभं करतो आहोत? मी कुणावर खटला भरा म्हणत नाही. उलट कर्मचाऱ्याला यातून सोडवा, कारण "उद्या माझ्यावर येईल" ही त्याची भीती खरी आहे. त्याच्या हातात आपल्या सहीचा कागद असेल तर तो बाईला अडवणार नाही.

असा कागद काढायला आधार नाही असंही नाही. ६ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेच्या प्रकरणात सांगितलं की एकट्या पालकाने किंवा अविवाहित आईने पोटच्या मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला तर यंत्रणेने तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा, कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तर. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका एकल मातेच्या मुलीला बापाचं नाव नसलेला दाखला द्यायला लावला. पासपोर्टच्या नियमांत डिसेंबर २०१६ पासून एकाच पालकाचं नाव चालतं. आणि आपल्याच सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं. मी त्या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं होतं. कागदावर आईला पहिली जागा मिळाली असेल, तर खिडकीवर तिच्या शब्दालाही थोडी जागा मिळावी.

हे निकाल बिनलग्नाच्या किंवा एकट्या आईचे आहेत आणि माझा प्रश्न लग्न झालेल्या बाईचा आहे, हे मला कळतं. तिच्या बाबतीत तिसरा माणूस आहे, नवरा, आणि त्याचेही हक्क आहेत. मुलावर खरोखर हक्क सांगणाऱ्या बापाला आईने एकतर्फी पुसून टाकावं असं मी म्हणत नाही. मार्च २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने नोंदीत फक्त स्वतःचं नाव ठेवू पाहणाऱ्या एका आईची मागणी फेटाळली. तिथे बाप कोण यावर वाद नव्हता, भांडण आई-बापांचं होतं, आणि त्यांच्या अहंकारासाठी मुलाच्या नोंदीशी खेळता येणार नाही असा त्या निकालाचा रोख आहे. मला तो पटतो. म्हणूनच मी बाईच्या नुसत्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाचं नाव लिहा असंही म्हणत नाही. नवऱ्याचंही नको, दुसऱ्याचंही नको. रकाना रिकामा ठेवा, बाप कोण ते कोर्ट ठरवील. कुटुंब न्यायालयाला १९८४ च्या कायद्याने कुणाच्याही औरसपणाबद्दल जाहीर निवाडा देण्याचा अधिकार आहेच. रिकाम्या रकान्याने नवऱ्याचा हक्क जात नाही, मुलाचा वारसा जात नाही, साक्ष अधिनियमाचं कलम ११६ जिथल्या तिथे राहतं.

लाजेचा मुद्दा उरतो. बापाचं नाव नसलेला दाखला शाळेत दाखवताना आईची मान खाली जाते, हे मी रोज बघते. काही बायका त्यापेक्षा नवऱ्याचं खोटं नाव बरं म्हणतात, आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही. तो निर्णय त्यांचा. पण आपण काय लिहून देतो आहोत आणि त्याचा मुलाच्या नागरिकत्वावर काय परिणाम होईल, हे त्यांना आधी कळायला हवं. आज ते कुणीच सांगत नाही, खिडकीवर नाही आणि दवाखान्यातही नाही. प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी परिचारिका फॉर्म घेऊन येते. पहिल्या भागात बापाचं नाव, आईचं नाव. खालच्या सांख्यिकी भागात लग्नाच्या वेळी आईचं वय किती होतं. टाके दुखत असतात, बाळ रडत असतं, पेन हातात दिलेलं असतं. एका कुटुंबाच्या पुढच्या वीस वर्षांचा निर्णय तिथे होतो.

इतर देशांनाही हे कोडं सुटायला वेळ लागला. जपानमध्ये घटस्फोटानंतर ३०० दिवसांत जन्मलेलं मूल आधीच्या नवऱ्याचं मानलं जायचं, म्हणून कित्येक आयांनी मुलांची नोंदच केली नाही आणि ती मुलं कागदावर नसलेलीच वाढली. अखेर तिथला कायदा बदलला. १ एप्रिल २०२४ पासून, मुलाच्या जन्माआधी आईने दुसरं लग्न केलं असेल तर मूल नव्या नवऱ्याचं मानलं जातं, आणि पितृत्व नाकारायचा दावा जो पूर्वी फक्त नवऱ्याला करता यायचा तो आता आई आणि मूलही करू शकतात. आपल्या कलमात पुनर्विवाहाची तेवढी सोय पहिल्यापासून आहे, याचं मला कौतुक वाटतं. पण आई आणि मुलाला दावा करण्याची अशी सरळ वाट आपल्या कलमात लिहिलेली नाही.

जर्मनीचंही सांगते, कारण ठाण्यातली कितीतरी मुलं-मुली तिकडे नोकरीला आहेत. समजा, एका मुलीचा घटस्फोटाचा दावा इथे ठाण्यात रखडला आहे, ती तिकडे एका जर्मन माणसाबरोबर राहते आणि तिला मूल झालं. तिथला कायदाही आधी नवऱ्यालाच बाप मानतो, म्हणजे ठाण्यातल्या माणसाला, आणि बापामार्फत मिळू शकणारं जर्मन नागरिकत्व मुलाला मिळत नाही. पण त्यांनी एक दार उघडं ठेवलं आहे. जन्माच्या वेळी घटस्फोटाचा दावा दाखल असेल, दुसऱ्या माणसाने घटस्फोट पक्का झाल्यापासून वर्षाच्या आत पितृत्व मान्य केलं आणि नवऱ्याने संमती दिली, तर चाचणीच्या लढाईशिवाय बाप बदलतो. तिघांची सही आणि काम झालं. आपल्याकडे तिघे एकमताने खिडकीवर आले तरी त्यांना परत पाठवतात. असा बदल करणं आपल्या हातात नाही, तो संसदेचा विषय आहे. पण भारताचे महानिबंधक केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत आणि नागरिकत्वाचा विषयही त्याच मंत्रालयाकडे आहे. आपण त्यांना लिहिलंत तर तो कागद योग्य टेबलावर पोचेल. नागरिकत्व कायद्यात कुणाला बाप मानायचं हे लिहा, आणि नवरा बाप नाही हे कोर्टात सिद्ध झालेलं असेल तिथे खऱ्या बापाचा दर्जा जन्मापासून धरा, एवढंच सुचवायचं आहे. कलम ५ च्या पोटकलम ४ खाली विशेष परिस्थितीत कुठल्याही अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा अधिकार केंद्राला आजही आहे. ही तरतूद माझ्या अशिलांना तर सोडाच, कित्येक वकिलांनाही ठाऊक नसते. दाखला देताना ती एका ओळीत सांगितली तरी काही मुलं वाचतील.

परिपत्रकात काय असावं ते मी माझ्या परीने मांडते. त्यात फेरफार करण्याचा अधिकार आपला.

विवाहित आईने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की नवरा मुलाचा बाप नाही, तर जन्माची नोंद तिच्या नावाने त्याच दिवशी करावी आणि वडिलांचा रकाना रिकामा ठेवावा. तिच्याकडे विवाहाचं प्रमाणपत्र, घटस्फोटाचा हुकूम किंवा डीएनएचा अहवाल मागू नये, कारण जन्म नोंदवायला यातलं काही लागतं असं कायदा म्हणत नाही. आधीच्या लग्नाचा कागद नजरेस पडला म्हणून नोंद थांबवू नये. २१ दिवसांची मुदत निघून जाऊ देऊ नये. तीस दिवस उलटले की वरिष्ठांची परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि आजच्या कडक तपासणीत असा उशीर या बायकांना परवडणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच एक दाखला आधार आहे. कोर्टाचा निवाडा आला की कलम १५ प्रमाणे समासात नोंद करून, सही-तारीख घालून, रकाना भरावा, मूळ ओळीला हात न लावता. ज्या मातांनी दडपणाखाली नवऱ्याचं नाव दिलं, त्यांच्या दुरुस्तीच्या अर्जांसाठी प्रत्येक महापालिकेत एक अधिकारी नेमून द्यावा, म्हणजे त्यांना खिडकीवर पुन्हा तेच ऐकावं लागणार नाही. आणि हे सगळं मराठीत, हिंदीत आणि साध्या शब्दांत प्रसूती कक्षाच्या भिंतीवर लावावं. फॉर्म हातात येण्याआधी ते वाचायला मिळालं पाहिजे.

कोपरखैरणेच्या बाईचा दावा आम्ही दाखल करतो आहोत. तो चालेल तेव्हा चालेल. या महिन्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत अशीच दुसरी एखादी बाई खिडकीवर उभी राहील, तिच्यासाठी मात्र आपल्याला कोर्टाची वाट बघायचं कारण नाही. मसुदा लागला तर मी तयार करून देईन, आपल्या कार्यालयात बोलावलंत तर येईन, आणि अशा बायकांची तयारी असेल तर त्यांनाही बरोबर आणीन.

आपली,
कोर्टनाक्यावरची एक वकील,
ठाणे (पश्चिम)